घरोघरी नवजात बालसेवा

संकल्पना

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील बाळाला नवजात म्हणतात. भारतात पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू याच चार आठवड्यांत होतात. कमी दिवसांचा किंवा कमी वजनाचा जन्म, जन्मतः श्वास गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही त्यांची प्रमुख कारणे होत. यांतील बराच भाग महागड्या यंत्रांविना हाताळता येतो. अडचण वेळेची असते. जंतुसंसर्ग झालेले बाळ दूध ओढेनासे झाल्यापासून एक-दोन दिवसांतच दगावू शकते. म्हणून आजार ओळखण्याचे कौशल्य घराच्या उंबऱ्यापर्यंत नेणे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

गडचिरोलीतील प्रयोग

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत ही पद्धत राबवली आणि तुलनेसाठी ४७ गावांतील नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी सेवा मिळालेल्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेने सुमारे ६२ टक्के कमी झाल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सेवा देणाऱ्या ‘आरोग्यदूत’ गावातल्याच, मोजके शालेय शिक्षण झालेल्या स्त्रिया होत्या. त्या बाळाचे वजन व तापमान मोजत, ते उबदार ठेवायला व स्तनपानाला मदत करत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. मंद रडणे, लुळे पडलेले हातपाय, फुगलेले पोट यांबरोबरच ‘बाळ हाताला गार लागते’ हे आईचे सांगणेही लक्षण म्हणून नोंदले जाई. आईच्या निरीक्षणाला निदानात मिळालेले हे स्थान फार मोलाचे आहे.

देशव्यापी स्वरूप

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती नेमली गेली. २०११ पासून घरभेटींद्वारे नवजात बालसेवा हे आशांचे नियमित काम झाले. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट ठरलेली आहे. घरी झाली असल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते.

मागची साखळी

गडचिरोलीत इंजेक्शन आरोग्यदूताच्याच हाती होते. राष्ट्रीय कार्यक्रमात ते सर्वसाधारणपणे आशांकडे दिले गेले नाही. त्यामुळे आशा धोका ओळखते, पण उपचारासाठी बाळ पुढे पाठवावे लागते आणि सगळा भार साखळीवर येतो. उपकेंद्रात आरोग्य सेविका, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, आणि जिल्हा रुग्णालयात आजारी नवजातांसाठी विशेष कक्ष, अशी ती रचना आहे. निकषानुसार सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. परंतु इमारत उभी असूनही सेविकेचे पद रिक्त असेल, औषधसाठा संपला असेल किंवा पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रुग्णवाहिका अडली असेल, तर आशाने अचूक ओळखलेला धोकाही टळत नाही. गटप्रवर्तकांची देखरेख आणि नियमित फेरप्रशिक्षण हेही साखळीचेच दुवे आहेत. अंदाजपत्रकात मात्र त्यांच्याकडे बांधकामाइतके लक्ष जात नाही.

मर्यादा

अत्यंत कमी दिवसांच्या किंवा जन्मजात व्यंग असलेल्या बाळांना रुग्णालयातील उपचार लागतातच. घरभेट त्यांची जागा घेऊ शकत नाही. दुसरी मर्यादा मनुष्यबळाची. आशा नियमित वेतनावरील कर्मचारी नसून तिचे उत्पन्न बहुतांशी कामानुसार मिळणाऱ्या मोबदल्यावर व मानधनावर चालते. लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग आणि वेगवेगळी सर्वेक्षणे हीदेखील तिचीच कामे असतात. २०१८ पासून बाळाच्या तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यादरम्यानच्या आणखी पाच भेटी त्यात जोडल्या गेल्या आहेत.