दूरची बंदूक, जवळची जबाबदारी

नौदल व तटरक्षक दल यांच्यासाठी १२.७ मिलिमीटरच्या ४६३ दूरनियंत्रित मशीनगन घेण्याचा सुमारे १,७५२ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीशी केला. या मशीनगनमागे उघड्या डेकवर कोणी उभे राहावयाचे नाही. चालविणारा जहाजाच्या आत बसून पडद्यावर लक्ष्य पाहतो. लाटांवर जहाज हेलकावले तरी नेम ढळत नाही. शत्रूच्या गोळ्यांसमोर छाती उघडी ठेवणाऱ्या जवानाचे प्राण त्यामुळे वाचतील. म्हणूनच या खरेदीचे आम्ही स्वागत करतो.

तथापि किनाऱ्यावरच्या माणसाला एक शंका आल्यावाचून राहत नाही. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळनजीकच्या समुद्रात एका इटालियन तेलवाहू जहाजावरील सशस्त्र नौसैनिकांनी गोळीबार केला आणि दोन मच्छीमार प्राणास मुकले. चाचे समजून गोळ्या झाडल्या, असे त्या नौसैनिकांचे म्हणणे होते. तेथे तर मध्ये पडदाही नव्हता! यंत्र नेम चुकू देणार नाही; परंतु समोरची होडी चाच्याची की जाळे ओढणाऱ्या गरिबाची, हा निर्णय यंत्राचा नव्हे. म्हणून बंदुकीबरोबरच किनाऱ्यावरील होड्या ओळखण्याचे आणि आधी इशारा देण्याचे कसोशीचे शिक्षण जवानांना मिळाले पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. बंदूक दूर गेली, तरी कळ दाबणारे बोट माणसाचेच आहे.