गूगलवर स्वतःचीच 'रेकी' करा: गुहागरच्या होमस्टेपासून तुमच्या चॅटपर्यंत काय काय उघडं आहे?

घरफोडीच्या बातमीत 'रेकी' हा शब्द हमखास असतो. चोर आधी दोन दिवस गल्लीत फिरतो. कुठल्या घराला कुलूप, मागचं दार कुठे, कुत्रा आहे का, हे बघून जातो. कुलपाला हातही लावत नाही. इंटरनेटवर हल्ल्याआधी अशीच रेकी होते आणि तिचं सगळ्यात सोपं साधन तुमच्या मोबाइलमध्ये आहे: गूगल सर्च. कंपन्या पैसे देऊन स्वतःच्या सिस्टिमवर जी 'पेनिट्रेशन टेस्टिंग' करून घेतात, तिथेही तपासणारे पहिल्यांदा हेच करतात.

याला 'गूगल डॉर्किंग' म्हणतात. जॉनी लाँग नावाच्या अमेरिकन सिक्युरिटी संशोधकाने २००२ च्या सुमारास अशा सर्चची यादी जमवायला घेतली, ज्यातून लोकांच्या चुकीने उघड्या राहिलेल्या फाइली सापडायच्या. 'डॉर्क' म्हणजे बावळट. आणि हा बावळट म्हणजे सर्च करणारा नव्हे बरं का, फाइल उघडी टाकणारा!

करतात कसं?

गूगलला शब्दांसोबत काही खुणाही कळतात. 'साइट:' लिहून पुढे वेबसाइटचा पत्ता दिला की फक्त त्याच साइटवरची पानं दिसतात. 'फाइलटाइप:' पुढे पीडीएफ लिहिलं की फक्त पीडीएफ. 'इनटायटल:' म्हणजे पानाच्या शीर्षकात तो शब्द हवा. अवतरण चिन्हांत लिहिलेलं जसंच्या तसं शोधलं जातं. (इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा आणि कोलननंतर स्पेस देऊ नका.)

बस्स, एवढंच. यात हॅकिंग असं काहीच नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर 'साइट:' आणि 'फाइलटाइप:' एकत्र लावले तर जाहिराती, निविदा, याद्या अशा लोकांसाठीच ठेवलेल्या पीडीएफ मिळतील. सरावाला उत्तम. भानगड सुरू होते ती लोकांसाठी नसलेली फाइल त्याच रांगेत येऊन बसते तेव्हा.

काकांचं होमस्टे

समजा, गुहागरला तुमच्या काकांचं होमस्टे आहे. समुद्र दोन मिनिटांवर, मे महिन्यात आणि डिसेंबरात खोली मिळायची मारामार. कुणीतरी ओळखीच्या मुलाने वेबसाइट करून दिली. बुकिंगच्या फॉर्ममध्ये पाहुणे आधारचा फोटो अपलोड करतात आणि तो सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये जाऊन पडतो.

आता वेब सर्व्हरची एक जुनी सवय आहे. फोल्डरमध्ये 'इंडेक्स' नावाची फाइल नसेल आणि यादी दाखवायची सेटिंग चालू राहिली असेल, तर तो आतल्या सगळ्या फाइलींची यादीच समोर ठेवतो. पानाचं शीर्षक असतं 'इंडेक्स ऑफ'. त्या फोल्डरची लिंक कुठूनही एकदा गूगलच्या हाती लागली की यादी सर्चमध्ये येते. पुण्याहून दोन दिवस राहायला आलेल्या कुटुंबाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, सगळं. काकांना पत्ताही नसतो, कारण त्यांची साइट उघडली की फक्त सुरूच्या झाडांचे फोटो दिसतात.

उदाहरण मनचं असलं तरी असं घडत आलंय. केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० वेबसाइटवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे दिसत होते, हे २०१७ मध्ये खुद्द यूआयडीएआयने माहितीच्या अधिकारात सांगितलं. तिथे कुणी काही फोडलं नव्हतं. याद्या साइटवरच टाकलेल्या होत्या.

होमस्टेवाल्यांसाठी आणखी एक गंमत. २७ मे २०२२ ला यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, परवाना नसलेल्या हॉटेलांना ती गोळा करायचा अधिकार नाही. चुकीचा अर्थ निघेल म्हणून दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. पण त्यात सुचवलेलं 'मास्क्ड आधार' आजही डाउनलोड करता येतं. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. फिरायला जाताना तेच द्या.

तुमचं काय?

फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या इन्व्हाइट लिंक गूगलमध्ये लाखोंनी सापडायला लागल्या. लोकांनी त्या कुठल्या ना कुठल्या उघड्या पानावर टाकल्या होत्या, गूगलने उचलल्या. जुलै २०१८ मध्ये रशियाच्या यांडेक्स सर्चमध्ये लोकांचे गूगल डॉक्स दिसले होते. २०२५ मध्ये चॅटजीपीटीवर शेअर केलेली संभाषणं गूगलमध्ये आली, कारण 'सर्चमध्ये दिसू द्या' या चौकटीवर लोकांनी टिक केलं होतं. ओपनएआयने ती सोयच काढून टाकली.

म्हणून आज रात्री दहा मिनिटं काढा. स्वतःचं पूर्ण नाव अवतरण चिन्हांत टाकून शोधा. मग मोबाइल नंबर, आधी सलग आणि नंतर मध्ये स्पेस देऊन. मग नाव आणि 'फाइलटाइप:पीडीएफ'. कॉलेजच्या गुणवत्ता यादीत तुमचा नंबर आणि जन्मतारीख शेजारीशेजारी असण्याची शक्यता बरीच आहे. काकांची साइट असेल तर 'साइट:' लावून सोबत 'इनटायटल:' आणि अवतरण चिन्हांत 'इंडेक्स ऑफ' शोधा. आधार नंबर मात्र सर्चमध्ये टाकू नका!

हे दुसऱ्याच्या साइटवर करून बघायची खाज येणारच. निकाल दिसणं वेगळं आणि आत शिरणं वेगळं. मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं, डेटा उतरवून घेणं हे आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'गूगलवर दिसलं म्हणून उघडलं' या बचावावर माझा तरी भरवसा नाही. चुकून काही सापडलंच तर डाउनलोड नको, स्क्रीनशॉट स्टेटसला तर मुळीच नको. साइटच्या मालकाला कळवा, तो दाद देत नसेल तर केंद्र सरकारच्या सर्ट-इनला.

सापडलं, आता?

आधी मूळ फाइल काढा. साइट तुमची असेल तर फोल्डरची यादी दाखवणं बंद करायला सांगा आणि ओळखपत्रं वेबच्या फोल्डरबाहेर हलवा. पुष्कळ जण 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' फाइलमध्ये त्या फोल्डरचं नाव लिहून मोकळे होतात. ती फाइल म्हणजे कुलूप नाही, 'आत येऊ नये' अशी पाटी आहे. शिवाय ती कुणालाही वाचता येते, म्हणजे रेकी करणाऱ्याला फोल्डरचा पत्ता आयताच मिळतो.

साइट दुसऱ्याची असेल तर त्यांना मेल करा आणि गूगलचा वैयक्तिक माहिती काढण्याचा फॉर्म भरा. फाइल हटवूनही सर्चमध्ये जुनं दिसत असेल तर त्यासाठी 'आउटडेटेड कंटेंट'चं वेगळं टूल आहे. सर्च कन्सोलमधून मालकाने लपवलेलं पान साधारण सहा महिन्यांनी परत दिसू शकतं, म्हणून फाइल आधी खरोखर काढलेली हवी. आणि हे सगळं फक्त गूगलपुरतं झालं. बिंगवर तोच सर्च पुन्हा करून बघा, तिथला फॉर्म वेगळा आहे.