विखुरलेल्या नोंदींची जुळणी

शाळेत नोंदी होत नाहीत असे नाही. केलेली नोंद वेळेवर हाती लागते काय, हा खरा प्रश्न आहे. समजा, तिसरीच्या वर्गशिक्षकांनी जुलैमध्ये भाषेच्या नोंदींत एका मुलाविषयी लिहिले : ‘फळ्यावरून उतरवताना ओळी गाळतो.’ सप्टेंबरमध्ये गणिताच्या नोंदींत लिहिले : ‘तोंडी उदाहरणे बरोबर, फळ्यावरील आकडे चुकीचे उतरवतो.’ जानेवारीत खेळाच्या नोंदींत आले : ‘दुरून आलेला चेंडू झेलता येत नाही.’ तिन्ही नोंदी खऱ्या व काळजीपूर्वक केलेल्या आहेत. पण त्या संगणकातील तीन निरनिराळ्या फाइलींत आहेत. त्या एकाखाली एक वाचल्या असत्या, तर मुलगा मंद नसून त्याची नजर अधू असावी, ही शंका कोणाच्याही मनात आली असती. तशी ती आली नाही व मुलाचे एक वर्ष वाया गेले.

महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू झाली, तेव्हापासून वर्णनात्मक नोंदी हा शिक्षकाच्या कामाचा नित्य भाग झाला आहे. त्या संगणकावर ठेवणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी जुळणीची एक साधी रीत येथे सांगितली आहे.

जुनी रीत, नवे साधन

अनेक ग्रंथांतील उतारे एकत्र आणण्याची कला आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृत शब्दकोशाचे काम हाती घेतले. सुमारे १,५०० ग्रंथ वाचून तेथे जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द, त्याचा वाक्यातील उपयोग व ग्रंथातील स्थळ यांची नोंद असे. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामातून आपण एवढेच घ्यावे की, प्रत्येक नोंद स्वतंत्र, तिच्यावर शोधाची खूण आणि तिच्याबरोबर तिचे मूळ स्थान.

खूण रंगाची नको, अक्षरांची हवी

पुस्तकात आपण महत्त्वाच्या ओळीखाली रेघ ओढतो. संगणकावरील साध्या मजकूर-फाइलीत मात्र केवळ अक्षरे साठविली जातात. नोटपॅड++ सारख्या संपादकात ओळीला दिलेला रंग पडद्यापुरता असतो. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की तो दिसत नाही. म्हणून खूण अक्षरांतच लिहावी. उदाहरणार्थ :

२०२४-०७-१५ वि०४७ #फळा भाषा : उतरवताना ओळी गाळतो.

या ओळीचा प्रत्येक भाग सहेतुक आहे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिल्यास ओळी अक्षरक्रमाने लावताच कालक्रमही आपोआप लागतो. विद्यार्थ्याच्या नावाऐवजी क्रमांक लिहावा, म्हणजे फाइल परक्या हाती गेली तरी मुलाची ओळख उघड होत नाही. क्रमांक तीन अंकी असावा; नाहीतर ४७ शोधताना १४७ देखील सापडेल. संपूर्ण नोंद एकाच ओळीत बसवावी, कारण शोधाच्या उत्तरात संगणक ओळ दाखवितो.

खूण जे दिसले त्याची असावी, कारणाची नसावी. जुलैमध्ये ‘#फळा’ हे सत्य होते. ‘#आळस’ लिहिले असते तर तो निवाडा ठरला असता. कारण ठरविण्याचे काम जुळणीनंतरचे आहे. खुणा दहाबाराच असाव्यात व त्यांची यादी एका कागदावर डोळ्यांसमोर असावी.

शोध व जुळणी

अनेक फाइलींतून हवी ती ओळ काढणारा ‘ग्रेप’ नावाचा प्रोग्राम केन थॉम्पसन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिहिला. १९७३ पासून तो युनिक्स प्रणालीत आहे. तीच सोय आज बहुतेक संपादकांत मिळते. सर्व नोंदींच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. नोटपॅड++ मध्ये कंट्रोल, शिफ्ट व एफ या कळा एकदम दाबून ‘वि०४७’ शोधावे. त्या मुलाच्या साऱ्या ओळी, फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक यांसह, खाली दिसतात. त्या नव्या फाइलीत उतरवून घ्याव्यात, प्रत्येकीच्या शेवटी मूळ फाइलीचे नाव लिहावे व तारखेने क्रम लावावा. ‘#फळा’ शोधल्यास तीच अडचण असलेली वर्गातील सर्व मुले एकत्र दिसतात. एकाच ओळीतून असे दोन प्रश्न सुटतात. मूळ नोंदी मात्र जागच्या हलवू नयेत.

दक्षता

संगणक अर्थ जाणत नाही. तो अक्षरे पडताळतो. ‘दृष्टी’ व ‘दृष्टि’, तसेच ‘२’ हा देवनागरी अंक व त्याचा रोमन अंक, हे त्याला वेगळे वाटतात. म्हणून शुद्धलेखन व अंक यांत एकवाक्यता ठेवावी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर मराठी दिसला, तरी आत बहुधा रोमन अक्षरांचे संकेत असतात. युनिकोडमधील शोधाला तो सापडत नाही. नव्या नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात, फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवावी व तिची एक प्रत अन्यत्र ठेवावी.

महिन्याच्या अखेरीस अर्धा तास काढून ज्या मुलांविषयी मनात शंका आहे, त्यांच्या नोंदी अशा रीतीने जुळवून वाचाव्यात. आरंभी सांगितलेल्या मुलाच्या पहिल्या दोन ओळी सप्टेंबरअखेर एकत्र आल्या असत्या, तर त्याला पुढच्या बाकावर बसविता आले असते, पालकांना बोलावता आले असते आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून त्याचे डोळे तपासून घेता आले असते. जानेवारीची नोंद मग कदाचित वेगळीच झाली असती.