ताप उतरतो, जंतू उरतो

टायफॉइडवर गोळ्या सुरू झाल्या की चार-पाच दिवसांत ताप उतरतो आणि कितीतरी घरांत उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. ही घाई किती महागात पडू शकते, ते हा जंतू शरीरात राहतो कुठे हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

दूषित पाण्यातून, अन्नातून टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एरवी जंतू गिळत नाहीत. साल्मोनेलाच्या अंगावर मात्र अतिसूक्ष्म पोकळ सुया असतात. सुई पेशीला टोचून तो स्वतःची प्रथिने आत सोडतो. पेशीला आकार देणारे ॲक्टिनचे धागे त्यामुळे भलतीकडेच जुळू लागतात, पेशीचं आवरण झालरीसारखं उचललं जातं आणि जंतूला वेढून आत घेतं. काही मिनिटांत काम फत्ते.

अस्तरापलीकडे भक्षक पेशी असतात. जंतू गिळायचा, पिशवीत कोंडायचा आणि आम्लात जिरवायचा, हे त्यांचं काम. माझ्या मते या आजाराचं सगळं मर्म इथेच आहे. आम्लाची चाहूल लागताच साल्मोनेला सुयांचा दुसरा संच उभारतो, पिशवीच्या भिंतीतून नवी प्रथिने बाहेर सोडतो आणि पुढचं पचन रोखतो. मग त्याच पिशवीत त्याची वीण वाढते. या पेशींबरोबर तो यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा गाठतो. यात आठवडा-दोन आठवडे जातात. ताप चढतो तेव्हा बाहेर काय खाल्लं होतं हे आठवतही नाही. रक्तात तो इतका विरळ असतो की मिलिलिटरमागे जेमतेम एखादा सापडावा. म्हणूनच जंतू वाढवून पाहणाऱ्या कल्चर तपासणीसाठी पुरेसं रक्त घ्यावं लागतं.

पेशीत लपल्यामुळे औषधही त्याला सहज गाठत नाही. जेंटामायसिन हे प्रतिजैविक प्रयोगशाळेत या जंतूला मारतं, पण पेशीच्या आत नीट पोचत नसल्याने रुग्णाला उपयोगी पडत नाही. पेशीत शिरणारं औषधही पूर्ण मुदत घ्यावं लागतं, नाहीतर ताप उलटतो. शंभरातल्या एक ते पाच जणांत तर जंतू पित्ताशयात ठाण मांडतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. स्वतः धडधाकट, आणि १९०७मध्ये छडा लागेपर्यंत घरोघरी आजार पसरवत होती.

नवी मुंबई महापालिकेने २०१८मध्ये मुलांना टायफॉइडची जी लस दिली, ती जंतूच्या बाहेरच्या साखरेच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पेशीत शिरण्याआधी त्याला गाठायचं, तर ती आधीच रक्तात तयार असायला हवीत.