मज्जातंतूच्या इजेतील वेदनेचे मापन
मज्जातंतूला इजा झाल्यावर मागे उरणाऱ्या चिवट वेदनेचा अभ्यास करण्यासाठी बेनेट आणि शिए यांनी १९८८ मध्ये उंदराच्या मांडीतील सायटिक मज्जातंतूभोवती सैल धागे बांधण्याची पद्धत मांडली. प्राण्याला वेदना शब्दांत सांगता येत नसल्यामुळे, जाळीवर उभ्या असलेल्या उंदराच्या तळपायाला ठरावीक दाबाखाली वाकणारे ‘व्हॉन फ्राय’ तंतू खालून टेकवून, तो किती दाबाला पाय उचलतो हे नोंदवले जाते; एरवी निरुपद्रवी असलेला स्पर्शही वेदनादायक ठरू लागला, तर त्या अवस्थेला ‘अ‍ॅलोडायनिया’ म्हणतात. मात्र पाय मागे घेणे ही बव्हंशी प्रतिक्षिप्त क्रिया असून तिच्यावरून सततच्या वेदनेचा अंदाज येत नाही. म्हणून वेदनाशामक जेथे मिळाले ती जागा प्राणी पुढे पसंत करतो का, हेही तपासले जाते. मुक्या जिवाला अकारण यातना होऊ न देणे, हे अशा प्रत्येक प्रयोगाचे पहिले कर्तव्य आहे.