अपघातानंतर ‘मी घरीच असते’ म्हणू नका

आज जरा अवघड विषय घेऊन आले आहे. बाजाराला चालत निघालेल्या बाईला कारने उडवलं, पाय मोडला, चार-सहा महिने अंथरुणात गेले, तर पुढे काय? अशा वेळी मिळणारी भरपाई ही कुणाची मेहरबानी नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो जखमी माणसाचा हक्क आहे.

पहिल्या दिवशी १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. तिथे ‘पडले’ असं मोघम सांगू नका. ‘गाडीने धडक दिली’ असंच सांगा आणि तसंच लिहून घ्या, कारण पुढे हाच कागद बोलतो. गाडीचा नंबर टिपा, जागेचा फोटो काढा, पोलिसांत लगेच कळवा. पोलिसांत नोंद झाली की केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेतून, ठरवून दिलेल्या दवाखान्यात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात.

मग गाडीवाला येतो. ‘वीस हजार घ्या, इथेच मिटवू,’ म्हणतो. गडबडीत कशावरही सही किंवा अंगठा देऊ नका. प्रत्येक गाडीला विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. नुकसान बहुतेक वेळा विमा कंपनीच भरते. पुढे किती ऑपरेशनं लागतील, हे पहिल्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. आपण राहतो त्या भागातही तो करता येतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, म्हणून वाट पाहू नका. वकिलाच्या फीची काळजी नको. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जबाब घेताना विचारतात, ‘काय काम करता?’ आपण पटकन म्हणतो, ‘काही नाही, घरीच असते.’ मैत्रिणींनो, इथेच आपलं नुकसान होतं. स्वयंपाक, पाणी, गुरं, मुलं, म्हातारी माणसं आणि वर शेतातली खुरपणी, हे सगळं कामच आहे. गृहिणीच्या कामाचं पैशात मोल धरलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गुडघा कायमचा अधू झाला तर तुमचं स्वतःचं काम किती अडतं, तेही बघितलं जातं. भात लावणाऱ्या बाईला वाकता आलं नाही, तर तिची कमाईच थांबते. म्हणून सगळी कामं एकेक करून सांगा.

पुरावा हवाच. औषधाची प्रत्येक पावती, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, जाण्या-येण्याचा गाडीखर्च, कायमचं अपंगत्व आलं तर सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला, हे सगळं एका पिशवीत जपा. शिवाय आपल्या गटाचं रजिस्टर आहेच! शेळीसाठी, पापडासाठी घेतलेलं कर्ज आणि त्याचे वेळेवर भरलेले हप्ते त्यात लिहिलेले असतात. ही बाई कमावती होती, हे दाखवायला ते मांडता येतं. म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीचा व्यवसाय आणि महिन्याची कमाई रजिस्टरमध्ये नीट लिहून घ्या, आणि १५१०० हा नंबर पहिल्या पानावर टाका.