प्रोग्रेसिव्ह रॉकचे अर्थ आणि नागपूरचे कान

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकाराला आलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकाराने तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली, एलपी तबकडीची वीस मिनिटांची संपूर्ण बाजू एका रचनेला देण्यास सुरुवात केली, पाश्चात्त्य अभिजात संगीतातील बहुखंडी मांडणी विजेच्या गिटारीवर व कीबोर्डवर आणली आणि गीतांत सरळ कथेऐवजी प्रतिमांची साखळी गुंफली. परिणामी अर्थ लावण्याचे बरेचसे काम ऐकणाऱ्याकडे आले, आणि म्हणूनच या प्रकारातील नामांकित अल्बमांवर पन्नास वर्षांनंतरही चाहत्यांचे एकमत होत नाही. हे मतभेद बहुधा इंग्लंड-अमेरिकेतील रसिकांच्या बाजूने मांडले जातात. परंतु ‘येस’ या इंग्लिश बँडच्या दोन गाजलेल्या अल्बमांची बीजे भारतीय विषयांत असल्याने त्यांच्यावरील वाद मराठी श्रोत्याने स्वतःच्या कानाने तपासून पाहण्याजोगे आहेत.

त्यांपैकी ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम सप्टेंबर १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली बाजू व्यापणारी, अठरा मिनिटांहून मोठी असलेली त्याची शीर्षकरचना हरमन हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ (१९२२) या जर्मन कादंबरीच्या प्रभावातून घडली. वाहते पाणी आणि पक्षी यांच्या आवाजांतून ती उगवते आणि त्यांतच विरते. मधल्या संथ खंडात मात्र बँडमधील रिक वेकमन यांचा पाइप ऑर्गन उसळून येतो, आणि तो लंडनमधील सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेला आहे. यामुळे कोणी या रचनेला बौद्ध साधनेचे संगीतरूप मानतात, कोणी तिच्यात ख्रिस्ती प्रार्थना ऐकतात, तर कोणी शब्दांना केवळ नादमूल्य आहे असे म्हणून अर्थाचा प्रश्नच बाजूला ठेवतात.

नागपुरात, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, सिद्धार्थ हे नाव दूरदेशीचे गूढ प्रतीक ठरत नाही. धम्माशी परिचय असलेल्या वाचकाच्या चटकन लक्षात येते की हेसे यांचा नायक गौतम बुद्ध नव्हे, तर बुद्धाच्या काळातील एक ब्राह्मणपुत्र आहे. तो बुद्धाचा उपदेश ऐकतो, त्याचा मित्र गोविंद संघात जातो, तो स्वतः मात्र वाट बदलतो आणि अखेरीस एका नावाड्याच्या सहवासात नदीकडून शिकतो. त्यामुळे रचनेला सरसकट बौद्ध म्हणणे टिकत नाही. याच शहरातील सदर भागात ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, आणि ज्याचा कान अशा चर्चमधील प्रार्थनासंगीतावर घडला आहे त्याला ऑर्गनच्या त्या गजरामागची सामूहिक उपासना ओळखता येते, परंतु एकट्याने सत्य शोधणाऱ्या नायकाच्या गोष्टीत तिचे काय काम, असा प्रश्नही त्याला पडू शकतो. या प्रश्नाचे उत्तर संगीतातच आहे. ऑर्गनचा गजर फार काळ टिकत नाही, सिंथेसायझर त्याची जागा घेतो आणि संपूर्ण बँड पुन्हा वेग पकडतो; नायक जसा बुद्धाला वंदन करून पुढे निघतो, तशी रचनाही चर्चमधून पुढे निघते. असे ऐकले म्हणजे दोन्ही आक्षेप एकमेकांना छेदत नाहीत, उलट पूरक ठरतात.

डिसेंबर १९७३ मध्ये आलेल्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ या दुहेरी अल्बमवरचा वाद अधिक तीव्र आहे. परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातील, म्हणजे मराठीत ‘योगी कथामृत’ या नावाने परिचित असलेल्या ग्रंथातील, शास्त्रांचे चार भाग सांगणारी एक तळटीप गायक जॉन अँडरसन यांच्या वाचनात आली, आणि श्रुती, स्मृती, पुराणे व तंत्र यांना प्रत्येकी एक बाजू देऊन ऐंशी मिनिटांचे संगीत उभे राहिले. विरोधकांनी त्याला फुगवलेले म्हटले, समर्थकांनी शिखर म्हटले. खुद्द वेकमन त्यावर नाराज होते आणि १९७४ मध्ये त्यांनी बँड सोडला. ख्याल ऐकणाऱ्याला लांबी हा मुळात दोष वाटत नाही, कारण एकच राग पाऊण तास चालणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. तो शोधतो ती बढत, म्हणजे आधीच्या स्वरवाक्यातून पुढचे उमलत जाणे. या कसोटीवर पहिली बाजू उतरते, कारण आरंभीचे जपासारखे गायन पुढे बदललेल्या रूपांत परतत राहते. दुसरी बाजू मात्र त्याच त्या लाटांवर रेंगाळते. अनेकांना कर्कश वाटणारी तिसरी बाजू तिच्या उत्तरार्धातील स्टीव्ह हाव यांच्या साध्या गिटारवादनासाठी आवर्जून ऐकावी. श्रुती-स्मृतींशी या संगीताचे नाते मात्र पातळ आहे, कारण तळटिपेने रचनेला सांगाडा पुरवला, आशय पुरवला नाही.

ज्या भाषेत गीतेवर १२९० मध्ये ‘भावार्थदीपिका’ आणि १९१५ मध्ये ‘गीतारहस्य’ असे दोन इतके भिन्न ग्रंथ सिद्ध झाले, त्या भाषेच्या वाचकाला अर्थभेदाचे भय वाटण्याचे कारण नाही. मात्र ज्ञानेश्वर आणि टिळक हे दोघेही पुनःपुन्हा श्लोकाकडे परततात, आणि हीच अट लावली की चाहत्यांचे काही लाडके तर्क गळून पडतात. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हा १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटाशी जुळवून रचला, हा तर्क त्यांपैकीच एक. अल्बम त्रेचाळीस मिनिटांचा आणि चित्रपट त्याच्या दुपटीहून मोठा असल्याने तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते, जुळलेल्या जागा तेवढ्या मोजल्या जातात, आणि बँडच्या सदस्यांनीही हा हेतू नाकारला आहे.

अर्थ लावण्याचे काम ऐकणाऱ्याचे किती, या प्रश्नाला महाराष्ट्रात थेट भिडलेला अल्बम म्हणजे मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडचा ‘फिरदौस’ (२०१३). हिंदी गीतांचा हा प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम एका माणसाच्या प्रवासाची कथा सांगतो, परंतु गाणी कथेच्या क्रमाने न देता मुद्दाम विस्कटून दिलेली असून योग्य क्रम शोधण्याचे काम श्रोत्यावर सोपवलेले आहे. ही युक्ती म्हणजे निव्वळ कोडे नव्हे. क्रम बदलला की एका गाण्याची शांत अखेर निराळ्या सुरुवातीला जाऊन भिडते, ताण वेगळ्या जागी चढतो आणि तेच शब्द कधी निराशेचे, तर कधी सुटकेचे वाटतात. संगीताच्या ओघाला छापील क्रम अनुकूल असेल आणि कथेला दुसरा, तर ‘फिरदौस’वर लिहिणाऱ्या समीक्षकाने आपण अल्बम कोणत्या क्रमाने ऐकला हे आधी सांगणे भाग आहे.